जुन्या पेट्रोल पंपाच्या टाक्या: वाळू भरण्याआधी खालची माती बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या वेशीवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत तुमची वडिलोपार्जित जागा आहे. तीसेक वर्षं ती तेल कंपनीला पंपासाठी भाडेपट्ट्याने दिलेली होती. रस्ता रुंद झाला, पुढचा भाग गेला, पंप बंद पडला. जमिनीत पेट्रोलच्या दोन आणि डिझेलच्या दोन टाक्या तशाच आहेत. एक बिल्डर जागा घ्यायला तयार आहे, त्याला तळघरात पार्किंग करायचं आहे. ठेकेदार म्हणतो, "गाळ काढतो, वाळू भरतो, दोन दिवसांत मोकळं." उताराच्या बाजूला शेजाऱ्याच्या मळ्यात विहीर आहे. माती तपासायची गरज आहे का, असली तर कशी आणि कोणाच्या खर्चाने, असं तुम्ही विचारलंय.

वाळू भरू देऊ नका. टाकी जागेवरच बंद करण्याची पद्धत आहे, ती चुकीची नाही. पण ती इमारतीच्या पायाला चिकटलेल्या किंवा वाहत्या रस्त्याखाली अडकलेल्या टाकीसाठी. तिथेही टाकीच्या कडेने बोअर घेऊन खालची माती तपासावीच लागते. तुमची जागा मोकळी आहे, क्रेन आत येते, आणि पुढे तिथे टाकीच्या तळापेक्षा खोल खोदकाम होणार आहे. अशा ठिकाणी टाकी उचलायचीच. माती बिघडली असेल तर ती टाकीच्या पोटाखाली, भरणीच्या तोंडाशी, पाइपांच्या सांध्यांखाली आणि डिस्पेन्सरच्या (गाडीत तेल भरणाऱ्या यंत्राच्या) तळाशी. यातली सगळ्यात महत्त्वाची जागा टाकीनेच झाकलेली असते. टाकी निघाली की दिवसभर ती उघडी असते. खड्डा बुजला की तीच माहिती मिळवायला ड्रिलिंगचा खर्च करावा लागतो, आणि तरी ती अर्धवटच मिळते.

"गळती असती तर पंपवाल्याच्या लक्षात आली असती" हे वाक्य या धंद्यात फार ऐकू येतं. जरा हिशेब करा. सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला सुमारे चार लिटर होतात, वर्षाला दीड हजार. रोज हजारो लिटर विकणाऱ्या पंपावर डिप रॉडच्या (टाकीत सोडून पातळी मोजायच्या दांड्याच्या) मोजमापात ही घट उडून-सांडून जाणाऱ्या नेहमीच्या तुटीत दडून जाते. आज भारतातल्या पेट्रोलमध्ये बेंझीन या विषारी घटकाची कमाल मर्यादा १ टक्का आहे, पूर्वी ती जास्त होती. म्हणजे आजच्या लिटरभर पेट्रोलमध्येही जवळपास नऊ ग्रॅम बेंझीन असू शकतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. हे नऊ ग्रॅम पाण्यात पूर्ण मिसळलं तर नऊ लाख लिटरच्या आसपास पाणी त्या मर्यादेला पोचतं. सगळं कधी असं सरळ मिसळत नाही, पण विहिरीचं पाणी पिणाऱ्या कुटुंबाचा विचार करताना हा आकडा मी डोळ्यांपुढे ठेवतो. बेंझीनने कॅन्सर होतो, यात आता कुणाला शंका उरलेली नाही.

कामाला हात घालण्याआधी कागद गोळा करा. बहुतेक पंपांवर टाक्या आणि परवाना तेल कंपनीच्या नावावर असतात. तसं असेल तर त्या टाक्या उपसायचा, कापायचा, भंगारात विकायचा अधिकार तुम्हाला नाही, तुमच्या ठेकेदाराला तर नाहीच. भाडेपट्टा काढून वाचा. पेट्रोलियम नियम, २००२ खाली परवाना देणारी यंत्रणा म्हणजे पेसो, केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटना. तिचं मुख्यालय नागपूरला आणि आपल्या भागाचं कार्यालय नवी मुंबईत. परवान्यासोबत मंजूर नकाशा असतो. त्यात टाक्यांच्या जागा, क्षमता, पाइपांचे मार्ग, वेंट पाइप (टाकीतली वाफ वर सोडणारे उभे पाइप) सगळं दाखवलेलं असतं. तो मिळवा, आणि जुने, बदललेले नकाशेही मागा. तीस वर्षांत टाकी बदलली असेल तर जुनी खालीच सोडून शेजारी नवी बसवली असण्याची शक्यता मी कधीच सोडून देत नाही. जुना वॉशिंग रॅम्प, इंजिन ऑइल बदलायचा खड्डा, बाजूची गटार यांच्याबद्दल तिथे काम केलेल्या जुन्या माणसांना विचारा. त्यांना जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याच फाइलमध्ये नसतं.

"रडारने जमीन स्कॅन करून देतो" असं सांगणारे भेटतील. ओल्या काळ्या मातीत रडारचा सिग्नल फार खोल जात नाही. चुंबकीय यंत्र वापरावं तर आपला बेसॉल्ट स्वतःच चुंबकीय, त्यामुळे खोटे इशारे येतात. नाशिकमध्ये नकाशा, वेंट पाइपचा माग आणि जपून घेतलेला चाचणी चर हेच जास्त भरवशाचं.

आता टाकी रिकामी करणं. इथे माणसं मरतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते आणि हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली की पेट घेते. ती खड्ड्यात, चरात, गटारीत साचते. हिवाळ्यात सकाळी नाशिकची हवा गार आणि स्थिर असते, तेव्हा ती जमिनीलगत तासन् तास बसून राहते. म्हणून वाफ काढायचं काम वारा सुटल्यावर करावं आणि वाफ उंच पाइपने वर सोडावी. आधी सगळा माल उपसायचा, मग पाइपांतला माल टाकीत उतरवून तोही उपसायचा, पाइप सोडवून तोंडं बंद करायची. व्हॅक्यूम टँकर आणि टाकी दोन्ही अर्थिंगला जोडलेले हवेत, कारण नुसत्या स्थिर विजेच्या ठिणगीनेही भडका उडतो. मग हवा खेळवून किंवा नायट्रोजन, कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरून टाकी निर्धोक करायची आणि गॅस मीटरने वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी मोजणी करायची.

सकाळी 'गॅस नाही' असं मीटरने सांगितलेली टाकी दुपारी पुन्हा स्फोटक होऊ शकते. गंजाच्या पापुद्र्यात आणि तळच्या गाळात मुरलेलं पेट्रोल ऊन चढलं की सुटायला लागतं. त्यामुळे प्रमाणपत्र एकदा घेतलं म्हणजे झालं असं नाही, काम चालू असेपर्यंत मोजणी चालू राहिली पाहिजे. गाळ काढायला माणूस आत उतरवू नका. बाहेरून पाइपने ओढता येतो. उतरावंच लागलं तर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, बाहेरून हवेचा पुरवठा, अंगाला दोरी, तोंडाशी दुसरा माणूस आणि लेखी परवानगी, यातलं एकही कमी असेल तर काम थांबवा. नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ टाकलेल्या टाकीत तर उतरायचा प्रश्नच नाही, तिथे दोन श्वासांत माणूस कोसळतो. तोंडाला ओला फडका बांधून मजुराला आत पाठवणारा ठेकेदार कितीही स्वस्त असो, त्याला जागेवरून परत पाठवा. आणि सक्षम व्यक्तीच्या, म्हणजे पेसोने मान्यता दिलेल्या तज्ज्ञाच्या, दाखल्याशिवाय गॅस कटर टाकीजवळ आणायचा नाही. हा दाखला भंगारवाल्याकडेही जायला हवा, कारण पुढे कटर त्याचा माणूस चालवणार आहे.

गाळ आणि धुण्याचं पाणी ओढ्यात किंवा महापालिकेच्या गटारीत सोडायचं नाही. घातक कचरा नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पेट्रोलियम टाक्यांच्या सफाईतून निघणारा गाळ नावानिशी आहे. तो मॅनिफेस्टसह (कचरा कुठून कुठे गेला याच्या नोंदपत्रासह) अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच गेला पाहिजे. त्या मॅनिफेस्टची प्रत तुमच्या फाइलला हवी.

पावसाळ्याच्या तोंडावर टाक्या रिकाम्या करून ठेवू नका. वीस हजार लिटरची रिकामी टाकी भूजलात बुडाली तर तिला वर ढकलणारा जोर वीस टनांच्या घरात जातो, आणि टाकीचं स्वतःचं वजन असतं दोन-तीन टन. वरचा भराव आणि काँक्रीट कमी पडलं की टाकी वर येते, पाइप तुटतात. उपसणं आणि उचलणं एकाच मोसमात उरकायचं.

टाकी बाहेर आली की तिला लगेच ट्रकवर चढवू नका. तिचे फोटो काढा, पोट बघा. गंजाची भोकं बहुधा तळाच्या मध्यरेषेत असतात, कारण आत साचलेलं पाणी तिथेच बसतं. डिप पाइपच्या बरोबर खाली, जिथे वर्षानुवर्षं रॉड आपटतो, ती जागा नक्की बघा. बाहेरचं डांबराचं आवरण कुठे सोललंय ते बघा. भोक दिसलं तर त्याच्या बरोबर खालच्या मातीचा नमुना वेगळा घ्यायचा.

आपल्याकडे टाकीभोवती वाळू भरलेली असते. वाळूला वास येतो म्हणून खालची जमीन बिघडली असं नाही, आणि वाळू स्वच्छ दिसली म्हणून जमीन ठीक असंही नाही. वाळूचा नमुना वेगळा, आणि वाळूखाली मूळ जमीन लागल्यावर तिच्यात फूट-दीड फूट आतला नमुना वेगळा. प्रत्येक टाकीच्या दोन्ही टोकांखाली एकेक, टाकी लांब असेल तर मधोमध आणखी एक. भरणीच्या तोंडाखाली एक. प्रत्येक डिस्पेन्सरखाली एक. पाइपच्या मार्गावर साधारण दर सहा मीटरला आणि प्रत्येक सांध्याखाली. खड्ड्याच्या चारही भिंतींतून, आणि पंपाचा कधी संबंध आला नाही अशा कोपऱ्यातून तुलनेसाठी एक. कंजुषी करायची तर दुसरीकडे करा, इथे नको. खड्ड्यात माणूस उतरवायचा नाही. जेसीबीच्या बकेटमधून, तेही बकेटच्या कडांना न लागलेल्या मधल्या मातीतून नमुना घ्यायचा. जेसीबीचं हायड्रॉलिक ऑइल गळत असेल तर तो बदलून मागा, नाहीतर अहवालात मशीनचं तेल येईल.

जागेवर चाळणी लावायला पीआयडी नावाचं, उडणाऱ्या वाफा मोजणारं हातातलं यंत्र असतं. झिपच्या पिशवीत अर्धी माती, ढेकळं फोडायची, दहा-पंधरा मिनिटं उबेला ठेवायची आणि वरची हवा मोजायची. कुठे जास्त खोदायचं हे त्यावरून कळतं, पण तो आकडा प्रयोगशाळेची जागा घेत नाही. दमट हवेत पीआयडी कमी दाखवतो, आणि डिझेल फारसं उडत नसल्याने त्याला ते नीट दिसतच नाही. डिझेलच्या टाकीखाली पीआयडी शांत आहे म्हणून नमुना टाळू नका.

प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त हवी, आणि मान्यता त्या विशिष्ट चाचणीसाठी आहे का हे तिच्या यादीत तपासून घ्या. नमुने देताना चार ठिकाणची माती एकत्र कालवून 'सरासरी' नमुना कुणी मागितला तर देऊ नका. कालवताना बेंझीन उडून जातं आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. काचेची बाटली काठोकाठ भरलेली, घट्ट झाकण, बर्फाच्या पेटीत चार अंशांच्या आसपास, त्याच दिवशी रवाना. नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची सही-वेळेसह नोंद हवी, कारण उद्या वाद झाला तर तोच पुरावा.

चाचण्या मालाप्रमाणे ठरतात. पेट्रोलखाली बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन, झायलीन आणि एमटीबीई (ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये घालतात ते रसायन). डिझेलखाली नॅफ्थलीन आणि बहुवलयी हायड्रोकार्बन. दोन्हीकडे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, पण हलके, मध्यम आणि जड असे गट पाडून. देशात शिशाचं पेट्रोल २००० सालात बंद झालं. तुमचा पंप त्याआधीचा आहे, म्हणून पेट्रोलच्या टाक्यांखाली शिसंही तपासा. ऑइल बदलायच्या खड्ड्याशी जड धातू घ्या.

अहवाल हातात आल्यावर तुलना कशाशी करायची? आपल्याकडे सल्लागार बहुधा डच मूल्यं, म्हणजे नेदरलँड्सने ठरवलेल्या मर्यादा, वापरतात: मातीत खनिज तेल किलोला ५००० मिलिग्रॅम, बेंझीन १.१ मिलिग्रॅम. ही हस्तक्षेपाची मूल्यं आहेत, म्हणजे यापुढे जमीन गंभीर बिघडलेली धरतात. याखाली सगळं आलबेल, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि ती १० टक्के सेंद्रिय अंश असलेल्या मातीसाठी आहेत. सेंद्रिय अंश कमी तशी मर्यादा खाली येते, आणि हिशेबात किमान २ टक्के धरतात. आपल्या मुरमात तेवढाही क्वचित असतो. म्हणजे तुमच्या जागेला खनिज तेलाची मर्यादा १००० आणि बेंझीनची ०.२२ लागते. ही दुरुस्ती न करता '५००० च्या खाली, सबब स्वच्छ' असं लिहिलेला अहवाल आला तर तो परत पाठवा.

नाशिकच्या जमिनीबद्दल एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या (बेसॉल्टचाच सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांचा थर), मग काळा पाषाण. उन्हाळ्यात काळ्या मातीला खोल भेगा पडतात, त्यातून सांडलेलं तेल थेट खाली जातं. पुढे खडकात ते वाळूतल्यासारखं सगळीकडे सारखं पसरत नाही, सांधे आणि भेगा धरून धावतं. मध्ये तांबड्या मातीचा घट्ट थर आला तर त्यावरून आडवं सरकतं. एका बोअरला काही नाही आणि चार पावलांवरच्या बोअरला तवंग, हे इथे अगदी शक्य आहे. म्हणून खड्ड्याचा तळ पाषाणाला लागला असेल तर मातीचे अहवाल स्वच्छ असले तरी पाणी तपासल्याशिवाय मी 'जागा ठीक' असं लिहून देत नाही. निरीक्षण बोअर किमान तीन हवेत, एका रेषेत नव्हे तर त्रिकोणात, तरच पाणी कुठल्या दिशेला वाहतं ते कळतं. बोअरच्या पाइपची जाळी उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्यानंतरच्या, अशा दोन्ही पाणीपातळ्यांना कवेत घेणारी असावी. आपल्याकडे या दोन पातळ्यांत कित्येक मीटरचा फरक पडतो. तेल पाण्यावर तरंगतं, पातळीबरोबर वर-खाली जातं आणि वाटेतली माती माखत राहतं. पावसाळ्यानंतर पातळी वर असताना ते मातीत अडकून पाण्याखाली राहतं आणि बोअरमध्ये दिसत नाही. तेच मे महिन्यात बोअरमध्ये तरंगताना सापडतं. फक्त ऑक्टोबरचा एक नमुना घेऊन निकाल लावू नका.

तळघराचा मुद्दा बिल्डरने कदाचित विचारात घेतलेला नाही. खोदताना पाणी उपसलं की आजूबाजूचं दूषित पाणी त्या खड्ड्याकडे ओढलं जातं. बांधल्यावर वाफ फरशीच्या फटीतून, लिफ्टच्या खड्ड्यातून वर येते. हे आत्ता कळलं तर डिझाइन बदलता येतं. लोक राहायला आल्यावर कळलं तर हातात फारसं काही उरत नाही.

दूषित माती निघालीच तर घाबरून जाऊ नका. थोडी असेल तर नमुने स्वच्छ येईपर्यंत खोदून काढणं सोपं. डिझेलची माती जाड प्लास्टिकवर ढीग करून, झाकून, हवा, ओल आणि खत देत काही महिने ठेवली तर जिवाणू बरंच काम करतात, आणि आपली हवा त्याला मानवते. अर्थात ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवून करायचं. पेट्रोलची माती वस्तीजवळ उघड्यावर पसरवायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो मुरूम 'भरावाला हवाय' म्हणणाऱ्याला देऊ नका. तो कुणाच्या तरी द्राक्षबागेच्या रस्त्यावर किंवा घराच्या जोत्यात जाईल. तसाच हलवायचा असेल तर अधिकृत केंद्राकडेच.

खर्चाचं उत्तर बरंचसं भाडेपट्ट्यात आहे, पण कायदाही तुमच्या बाजूने आहे. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यायची, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केलं आणि राष्ट्रीय हरित अधिकरण कायदा, २०१० मध्ये ते थेट लिहिलेलं आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही काढले, त्यात तपासणीचे टप्पे आहेत आणि जबाबदार व्यक्तीकडून खर्च वसूल करण्याची तरतूद आहे. कंपनीला आत्ताच लेखी पत्र द्या: टाक्या काढणं, माती-पाण्याची तपासणी आणि अहवालाची प्रत या तीन गोष्टी झाल्याशिवाय ताबा परत घेत नाही. 'जागा जशी आहे तशी मिळाली' अशा मजकुरावर सही करू नका. एकदा ती केली की पुढचं सगळं ओझं तुमच्याकडे सरकवण्याचा प्रयत्न होणार. बिल्डरपासूनही काही लपवू नका, अहवाल करारनाम्याला जोडा.

राहिली शेजाऱ्याची विहीर. काम सुरू व्हायच्या आधी, त्यांना बरोबर घेऊन तिचा नमुना काढा. पंप सुरू करून जोरात धार सोडून नव्हे, तर संथपणे, छोट्या काचेच्या कुप्यांत, आत बुडबुडा न राहू देता. अहवाल आला की एक प्रत त्यांच्या हातात द्या. त्यात बेंझीन निघालं तर टाक्यांचं काम त्यामुळे थांबवायची गरज नाही, पण त्या घराला पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी त्याच दिवसापासून दुसरीकडून मिळालं पाहिजे. उकळून ते सुरक्षित होत नाही, उलट वाफ स्वयंपाकघरात पसरते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिकच्या कार्यालयाला लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.